सुट्टी मुलांची, भट्टी सगळ्यांची

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दप्तरं कोपऱ्यात पडतात आणि पोरांची फौज घरभर पसरते. नेमके तेच दिवस आपले डबे घासायचे, भाजणी दळून आणायचे, किराण्याची यादी करायचे. मुलांना सुट्टी लागते आणि आईची मात्र होती नव्हती ती उसंतही जाते. मग "बाहेर जाऊन खेळा", "हात लावू नकोस", "पसारा नको मला" ही आपली दिवाळीची आरती सुरू होते. खरं की नाही, मैत्रिणींनो?

त्यातही एक गंमत असते. घरात मुलगी असेल तर तिला आपण बाहेर पाठवत नाही. "जरा हाताशी ये गं," म्हणून आत बोलावतो. मुलगा अंगणात माती कालवून किल्ला करतो आणि मुलगी ओट्याशी उभी राहून शंकरपाळे कातते. आपल्या आईने हेच केलं, आपण हेच करतो, आणि यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटतही नाही. मलाही वाटत नव्हतं. ज्या दिवशी वाटलं, त्या दिवसाची गोष्ट आधी सांगते.

नळाखालचा हात

आम्ही शिरूरला राहतो. जुनी माणसं अजूनही गावाला घोडनदी म्हणतात. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. कढईत तूप तापलेलं, बाजूला शंकरपाळ्यांचं ताट, आणि तेवढ्यात दारात पाहुणे. नऊ वर्षांच्या लेकीला म्हटलं, "एवढे सोड गं, मी आलेच." तिने सोडले. पण बिचारी घाबरलेली. हात भाजू नये म्हणून तिने ते उंचावरून टाकले. उंचावरून टाकलं की तूप उडायचंच. मनगटावर चार मोठे शिंतोडे आले आणि तिची किंकाळी मला बाहेरच्या खोलीत ऐकू आली.

शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावल्या, सासूबाई शाईची दौत शोधू लागल्या. नशिबाने वरच्या मजल्यावरच्या ताई परिचारिका आहेत. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, तिच्या हातातल्या बांगड्या काढल्या आणि हात सरळ नळाखाली धरला. "घड्याळ लावून वीस मिनिटं. मध्ये काढायचा नाही," म्हणाल्या.

वीस मिनिटं फार मोठी असतात, बायांनो. नळाचं पाणी पडत होतं, मी तिचा हात धरून उभी होते. हुंदके थांबल्यावर ती म्हणाली, "आई, दादाला किल्ला करायला मिळतो. मग मलाच का इथे?"

काय उत्तर देणार? तूप तापलं असताना पोरीला एकटं सोडलं ही चूक माझी. पण तिच्या प्रश्नात दुसरीही चूक होती, आणि ती माझ्या एकटीची नव्हती. तिला काम शिकवावं म्हणून मी आत बोलावलं नव्हतं. मला आणखी दोन हात हवे होते, एवढंच. आणि ते हात तिचेच असणार हे मी न विचारता धरून चालले होते.

हाताचे डाग पंधरा-वीस दिवसांत गेले. प्रश्न मात्र राहिला.

मदत नको, काम सोपवा

पुढच्या दिवाळीच्या आधी मी मनाशी तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, कढई आणि विस्तव मोठ्या माणसाचा. त्यात मुलांनी पडायचं नाही आणि आपणही पाडायचं नाही. दुसरी, मुलगा-मुलगी दोघांना काम. ज्याला जे आवडेल ते. तिसरी, 'मदत' हा शब्द बंद. प्रत्येकाने एक पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत आपला म्हणून करायचा. सामान मोजण्यापासून डबा भरेपर्यंत. चांगला झाला तर कौतुक त्याचं, बिघडला तरी तो त्याचाच.

हा तिसरा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. मदतनीस मुलाला कंटाळा येतो, कारण त्याला मधलंच काहीतरी करायचं असतं. वेलची सोल, ताट धर, ते दे, हे ने. सुरुवातही दुसऱ्याची आणि शेवटही दुसऱ्याचा. पण "ही नानकटाई तुझी" म्हटलं की तेच मूल दहादा डब्यात डोकावतं.

लेक म्हणाली, "मी यंदा किल्ला करणार. शिवनेरी." केला! वर मोहरी आणि आळीव पेरून हिरवळसुद्धा उगवली. आणि आमचे चिरंजीव, वय वर्षे बारा, त्यांच्या वाट्याला आली नानकटाई. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पोराला कुठं पिठात बसवतीस गं?" मी म्हटलं, "आई, बेकरीत भट्टीपाशी उभे असतात ते सगळे पुरुषच ना?" त्या हसल्या, पण पटलं नव्हतं.

नानकटाईच का?

कारण ती तळायची नसते. उकळतं तूप नाही, पाक नाही, चटका नाही. सगळं काम हाताचं आणि थंड. भाजायचं काम तेवढं भट्टीचं.

नानकटाईतला 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी. आपल्याकडे ती सुरतेहून आली असं सांगतात. तिथे डच व्यापाऱ्यांसाठी चालणारी बेकरी पुढे एका पारशी कुटुंबाकडे आली आणि त्या भट्टीतून हा बिनअंड्याचा, बिनपाण्याचा, भरपूर टिकणारा पदार्थ निघाला अशी कथा आहे. काही असो, आपल्या गावागावांतल्या बायकांनी तो असा आपलासा केला की घरात ओव्हन नसतानाही दिवाळीत प्रत्येक घरी नानकटाईचा डबा असायचा.

तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालून आई बेकरीवर जायची, बोट धरून आपण. कुणी घरूनच पीठ मळून न्यायचं. रांगेत बसायचं, पत्र्यावर आपापल्या नानकटाया मांडायच्या आणि कडेला नावाची चिठ्ठी ठेवायची. लांब दांड्याच्या फावड्याने भट्टीवाला पत्रा आत सारायचा तेव्हा तोंडावर धग यायची. त्या धगीतही एक हिशोब असतो. लाकडाची भट्टी आधी चांगली तापवतात, त्या कडक आचेवर पाव भाजून घेतात. मग धग उतरली की त्या मंद आचेवर नानकटाई आणि टोस्ट. कडक धगीत नानकटाई घातली तर वरून करपेल, आत कच्ची राहील. म्हणून भट्टीवाला सांगेल तेव्हाच आपला पत्रा आत जायचा.

आता घरोघरी छोटे ओव्हन आलेत, तरी काही बेकऱ्या दिवाळीच्या आधी घरचं सामान भाजून देतात. आपल्या गावात असेल तर आधी विचारून दिवस ठरवा आणि मुलांना जरूर न्या. चार घरच्या बायका, चार घरची मुलं, आपला पत्रा यायची वाट. घरातल्या ओव्हनपुढे हे मिळत नाही.

नानकटाईची कृती

साहित्य : मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, थिजलेलं साजूक तूप १५० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ पूड. एवढ्यात २४-२५ नानकटाया होतात.

कृती : मैदा, बेसन, रवा, सोडा, मीठ एकत्र दोनदा चाळावे. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसावे. दहा-बारा मिनिटांत रंग पांढरट होतो आणि मिश्रण हलके होते. त्यात वेलची-जायफळ आणि चाळलेले पीठ थोडे थोडे घालून हलक्या हाताने गोळा करावा. फार मळू नये. मळले की नानकटाई खुसखुशीत न होता चिवट होते. गोळा अर्धा तास झाकून थंड जागी ठेवावा. लिंबाहून लहान गोळ्या करून किंचित चपट्या कराव्या, वर पिस्त्याचा काप दाबावा. पत्र्यावर दोन बोटे अंतर सोडून मांडाव्या.

ओव्हन आधी तापवून १६० ते १७० अंशांवर १५ ते २० मिनिटे भाजाव्या. कडा बदामी दिसल्या की बाहेर काढाव्या. गरम असताना त्या मऊ लागतात, म्हणून कच्च्या समजून पुन्हा आत घालू नयेत. गार झाल्यावरच त्या खुसखुशीत होतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ किंवा वाळू पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावी. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावे. कोरड्या कुकरपेक्षा ही जुनी कढई बरी. कुकरची रबरी रिंग आणि झडप कोरड्या आचेने खराब होते.

आणि नानकटाई बसली!

आता आमच्याकडची फजिती. चिरंजीवांनी वहीत हिशोब मांडला. एक किलो मैद्याची करायची, म्हणजे सगळं चौपट. तूप ६००, साखर ६००, बेसन १००, रवा १००, सोडा एक चमचा. शाळेत त्रैराशिकाला जांभया देणारा मुलगा इथे दोनदा ताळा करून बघत होता. तुपाचा डबा मात्र घट्ट. फेसायचा कंटाळा. मी पाणी भरायला गेले तेवढ्यात साहेबांनी तूप गॅसवर ठेवून पातळ केलं! ठरवलेला नियम मोडला तो मोडला, मला कळूही दिलं नाही.

बेकरीत रांगेत आमचा पत्रा बाहेर आला तो काय? नानकटाया नाहीतच. सगळ्या पसरून, एकमेकींना चिकटून पत्राभर एक मोठी पोळी. शेजारच्या पत्र्यावर एका आजींच्या टपोऱ्या, वरून तडकलेल्या, बघत राहाव्या अशा. भट्टीवाल्या काकांनी नुसतं विचारलं, "तूप पातळ केलं होतं का रे?" पोराचे कान लाल झाले. मला मनातून फार वाटलं, पटकन म्हणावं, "मीच केलं हो, घाईत." ओठावर आलं होतं. पण गप्प बसले. मग तोच म्हणाला, "हो, मी केलं."

काकांनी त्याला तिथेच समजावलं. घट्ट तूप साखरेबरोबर फेसलं की त्यात हवा कोंडली जाते आणि गोळी आकार धरून राहते. पातळ तुपात हवा राहत नाही, आणि ते आधीच वितळलेलं असल्यामुळे भट्टीत गेल्याबरोबर गोळी पसरते. हे मी त्याला दहादा सांगितलं असतं तर एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं असतं. त्या पत्र्याने एकदाच सांगितलं.

घरी येऊन पोळीचा चुरा केला, त्यात भाजलेलं खोबरं आणि थोडं तूप घालून लाडू वळले. सासूबाईंनी एक चाखला, मग दुसरा उचलला. "यंदा हेच कर म्हणावं," म्हणाल्या. दोन दिवसांनी त्याने पाव किलोचा घाणा पुन्हा घातला, या खेपेला घट्ट तुपाचा. हात दुखले, बहिणीला बोलावलं. पण ती 'मदतीला' आली नाही हं! पाच नानकटाया तिच्या, या बोलीवर आली.

दौंडचा नाताळ

माझी धाकटी बहीण दौंडला दिलेली. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन तिच्याकडे गेले. एसटीने न्हावरे, पारगाव करत भीमेच्या पुलावरून चौफुल्याला जायचं, तिथून दौंड. वाटेत केडगावची गुळाची बाजारपेठ. आसपासच्या गुऱ्हाळांचा गूळ इथे येतो, त्यातली एक ढेप घेतली. केडगावलाच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली-बायका आणून रमाबाईंनी त्यांना इथे आसरा दिला. त्यांना नुसतं चूल-मूल नाही शिकवलं; इथला छापखाना बायकांनी चालवला, खिळेसुद्धा त्यांनीच जुळवले. लेकीला ते सांगितलं. ती म्हणाली, "मग दादाने नानकटाई केली तर त्यात काय एवढं!"

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. मनमाडची लाइन १८७८ मध्ये इथे जोडली गेली तेव्हापासूनचं जंक्शन. रेल्वेच्या नोकरीने इथे नाना प्रांतांची माणसं आली, त्यांत गोव्याकडची आणि अँग्लो-इंडियन ख्रिस्ती कुटुंबंही. बहिणीच्या शेजारी असंच एक जुनं रेल्वेचं घर आहे. आम्ही गेलो त्या संध्याकाळी त्यांच्याकडे कुलकुल चालले होते.

कुलकुल म्हणजे आपल्या शंकरपाळ्याचा चुलतभाऊच म्हणा. मैदा, थोडा रवा, लोणी, नारळाचं दूध, चवीपुरती साखर असं पीठ मळायचं. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या धुतलेल्या फणीवर दाबून पसरायची आणि गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखी रेघारेघांची वळी होते. मग तळून साखरेत घोळवायची. मला त्या पदार्थाहून जास्त आवडलं ते सगळ्यांचं बसणं. जमिनीवर चादर, मध्ये परात आणि भोवती सगळं घर. निवृत्त झालेले आजोबा, कॉलेजातला मुलगा, सून, पाच वर्षांची नात, प्रत्येकाच्या हातात काटा. काकू तेवढ्या कढईपाशी. "हे एकटीचं काम नाहीच हो," काकू म्हणाल्या. "एकटीने करायचं म्हटलं तर मी नाताळच करणार नाही." मैत्रिणींनो, हे वाक्य मी पदरात बांधून शिरूरला आणलं. आमची मुलं चादरीवर कधी जाऊन बसली कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी केडगावच्या गुळाचा केक केला. काकूंच्या घरी पाठवायला म्हणून लेकीने केला, अथपासून इतिपर्यंत. दीड वाटी कणीक, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा दोनदा चाळून घ्यावे, चमचा चहाचा. पाऊण वाटी किसलेला गूळ अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून गार करावा. त्यात अर्धी वाटी दही, पाव वाटीहून थोडे जास्त तेल आणि वेलची घालून घोटावे. पीठ मिसळून लगेच तेल लावलेल्या भांड्यात ओतावे. लगेच का, तर दह्याचा आंबटपणा सोड्याला भेटला की वायू सुटू लागतो आणि त्याच वायूने केक फुगतो. मिश्रण तसेच ठेवले तर वायू निघून जाऊन केक बसतो. १८० अंशांवर ३५ मिनिटे, कढईत ४० ते ४५. मध्ये विणायची सुई खुपसून ती कोरडी निघाली की झाला.

कोणत्या वयाला कोणते काम?

चार-पाच वर्षे : चाळणी हलवणे, वेलची सोलणे, पिस्ता दाबणे, चिठ्ठीवर आपले नाव काढणे.

सहा ते आठ : वाटी-चमच्याने मोजणे, गोळ्या वळणे, साच्याने कापणे, डब्यात कागद घालून थर लावणे.

नऊ ते बारा : वजनकाट्यावर मोजणे, चौपट-निमपट करणे, तूप फेसणे, घड्याळ सांभाळणे. गरम पत्रा मात्र आपणच काढावा.

तेरा आणि पुढे : आपण शेजारी उभ्या असताना मंद आचेवर भाजणे, परतणे. तळण आणखी उशिरा, आणि तेही वस्तू कढईच्या कडेने अलगद सोडायला शिकवून. उंचावरून टाकायची नाही.

सर्वांना सारखे नियम : केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, हात धुतलेले. ओढणी आणि सैल कपडे नकोत. कढईचे कान आणि तव्याचा दांडा ओट्याच्या आत वळवलेला. कच्चे पीठ चाटायचे नाही. कच्च्या पिठात आणि अंड्यात जंतू असू शकतात. शेवटी ओटा पुसणे हेही त्याच कामात धरलेले.

आणि चटका बसलाच तर : अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढावे. भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकावे. जखम मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा तोंडावर, हातावर, सांध्यावर असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. मोठा प्रसंग असेल तर १०८ ला फोन करावा.

पसारा होणारच. पीठ सांडेल, वेळ दुप्पट लागेल, आणि आपल्या हातचा तो टपोरेपणा काही येणार नाही. पहिल्या वर्षी आपलं काम कमी होत नाही, वाढतंच. हे लपवून काय करू? दुसऱ्या वर्षापासून मात्र एक डबा आपल्या डोक्यावरून उतरतो, आणि तो मुलीच्याच डोक्यावर जात नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या पत्र्यावर दोन चिठ्ठ्या होत्या. अर्ध्या भागावर दादाचं नाव, अर्ध्यावर ताईचं. किल्लाही दोघांनी मिळून केला. भट्टीवाल्या काकांनी पत्रा बाहेर ओढला, नीट बघितला आणि चिरंजीवांना म्हणाले, "तूप घट्ट होतं वाटतं यंदा."

पोरगं जे हसलं म्हणता!